राज्य कुणावर

स्वारगेटला पावणेसहाची वेल्हे गाडी
फलाटाला लागलेली असते, कंडक्टर नसतो.
मी पिशवी मांडीवर घेते:
लोकरीचा गुंडा, बारा स्केचपेनं, त्यातली नऊ चालणारी,
एक शिट्टी, जी मी सहसा वाजवत नाही,
आणि गुंडाळी केलेला चार्टपेपर.
शेजारचे आजोबा विचारतात, "नकाशा का?"
नाही हो, कोरा आहे.
"मग एवढा जपून कशाला नेताय?"

एकवीस वर्षं झाली.
फॉर्मवरच्या व्यवसायाच्या रकान्यापाशी
माझा हात अजून थांबतो.
आई शेजारणीला सांगायची, "बायकांना खेळ शिकवते ती,"
आणि आवाज खाली आणून, "पगार आहे त्याला."

वेल्ह्यात, नसरापुरात, पानशेतच्या अलीकडे,
येरवड्याच्या समाजमंदिरात, जिथे पंख्याला बटण आहे, पंखा नाही,
माझं कसब म्हणाल तर एवढंच:
ओळीने घातलेल्या सतरंज्या उचलायच्या
आणि गोल घालायच्या.
पुढची रांगच मोडली की
पुढाऱ्यांना बसायचं कुठे ते कळत नाही.

गेल्या मंगळवारी
पर्वतीच्या अंगाला धरून चढत गेलेल्या वस्तीत
विषय होता नेतृत्व.
नेता कसा असावा? उत्तरं तयारच होती.
धडाडीचा. अभ्यासू. हाकेला ओ देणारा.
चौकातल्या फ्लेक्सवरून उतरवलेली,
वाढदिवसाच्या शुभेच्छा तेवढ्या वगळून.
मी लिहीत गेले, स्केचपेन वाळत गेलं.

झरीना तांबोळी म्हणाली, "ताई, पाय आखडले.
शिवणापाणी घ्या."
या वयात?
"वयाला काय धाड भरलीय?"

पदर खोचले, ओढण्या बांधल्या.
चकायला हात पुढे आले,
भांड्यांनी घासलेले, विड्यांनी पिवळे, एक मेंदीचा.
उपडे, उताणे, उपडे.
एकेक जण सुटत गेली.
सुटलेली बाई जशी हसते
ते मला एकाही अहवालात लिहिता आलेलं नाही.

शेवटी उरल्या तुळसाबाई अडागळे,
एकसष्ट वर्षं, गुडघ्याला पट्टा.
राज्य तुळसाबाईंवर.
"आजीला कच्चा लिंबू करा गं!"
"का म्हणून? आलंय ना, घेते की."
आणि धावल्या.

मी भिंतीला टेकलेले.
लहानपणापासून तोंडात असलेला शब्द
तेव्हा कुठे कानात शिरला.
राज्य येतं, ते सुटू न शकलेल्यावर.
ज्याच्यावर राज्य, त्यानेच धावायचं,
बाकीच्यांनी वाकुल्या दाखवायच्या,
आणि त्याच्या डोक्यात एकच,
कुणाला शिवू, कधी देऊन टाकू.

तुळसाबाई असलं काही बोलल्या नाहीत.
कंबरेवर हात ठेवून, धापा टाकत, एवढंच म्हणाल्या,
"पहाटे साडेतीनला पाण्याची चावी सोडायला मीच उठते.
अकरा वर्षं. कुणी नेमलं नाही.
वरच्या घरांना थेंब येत नव्हता,
एकदा उठले, मग उठतच राहिले."
आणि बोलता बोलता शेजारच्या बेबीनंदाला शिवल्या.
"आता तुझ्यावर."

"टाइमप्लीज!" बेबीनंदा ओरडली.
सगळ्या हसल्या. मग कुणीच हसेना.
बऱ्याच वेळाने तिनेच विचारलं,
"किती आटे फिरवायचे असतात?"

"साडेचार. पाचवा दिलास तर खालचे भांडायला येतात."

चार्टपेपरवर हे मी लिहिलं नाही.
कुठे लिहायचं, धडाडीच्या खाली?

माझ्याबरोबर दोन मुली काम करतात.
पिशवी त्या उचलतात.
गोल अजून मीच घालते.
म्हणते, तुम्हाला जमेल हळूहळू, आणि हळूहळू पुढे ढकलते.
सहा वर्षं मी कुणाला शिवलेले नाही,
आणि याला मी अनुभव म्हणते.

पायऱ्या उतरताना पिशवी चाचपली.
लोकर होती, स्केचपेनं होती. शिट्टी नव्हती.
वर, तिसऱ्या-चौथ्या गल्लीत कुठेतरी
कुणीतरी ती फुंकत होतं, बेसूर, जीव खाऊन.
परत चढून जावं की काय,
क्षणभर वाटलं.
मग खाली बस दिसली.